सीटी किंवा एमआरआयआधीचा ‘डाय’: भीती कशाची बाळगावी, कशाची नको

पोटात सतत दुखणे, कारण नसताना वजन उतरणे, छातीत अचानक कळ येणे अशा तक्रारींसाठी डॉक्टर चिठ्ठीवर ‘सीईसीटी’ लिहून देतात. सेंटरवर पोहोचल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणला का? उपाशी आहात का? दमा आहे का? मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे? मग एक संमतिपत्र पुढे येते आणि त्यात ‘क्वचित प्रसंगी जिवाला धोका’ असे वाक्य असते. सही करणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा हात तिथे थबकतो आणि विचारणा होते, “डॉक्टर, डाय न देता नाही का होणार?”

प्रश्न रास्त आहे. कॉन्ट्रास्टचे धोके खरे आहेत. पण रुग्ण आणि नातेवाईक ज्या गोष्टींना घाबरतात त्यातल्या बऱ्याचशा निराधार असतात, आणि जी माहिती डॉक्टरांना मिळायलाच हवी ती नेमकी सांगायची राहून जाते. म्हणून हा लेख.

‘डाय’ म्हणजे नेमके काय?

नाव डाय असले तरी त्यात रंग नसतो. सीटी स्कॅनसाठी वापरले जाणारे औषध पाण्यासारखे स्वच्छ, किंचित घट्ट द्रावण असते आणि त्यात आयोडीन असते. आयोडीनचा अणू जड असल्यामुळे तो क्ष-किरण चांगले अडवतो. त्यामुळे ज्या रक्तवाहिनीत, ज्या अवयवात तो पोहोचतो तो भाग चित्रात पांढरा उजळतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून तिथे आयोडीनचा उपयोग नाही. तिथे गॅडोलिनियम या धातूचे संयुग देतात. अन्ननलिका आणि जठर पाहण्यासाठी पाजले जाणारे पांढरे बेरियम हा तिसरा प्रकार. ते रक्तात शोषले जात नाही, शौचावाटे बाहेर पडते, आणि एक-दोन दिवस शौच पांढरट झाली तर घाबरू नये. पाणी मात्र भरपूर प्यावे, नाहीतर बद्धकोष्ठ होते.

आता कॉन्ट्रास्ट लागतो कशाला? साध्या सीटीत निरोगी यकृत आणि त्यातली गाठ बऱ्याचदा सारख्याच राखाडी छटेची दिसतात. औषध शिरेतून गेल्यावर साधारण ३० ते ३५ सेकंदांनी ते धमन्यांतून वाहत असते आणि ७० सेकंदांच्या आसपास यकृत पूर्ण उजळते. यकृताचा कर्करोग बहुधा पहिल्या टप्प्यात झटकन उजळतो आणि नंतर आजूबाजूच्या भागापेक्षा काळवंडतो. गाठ आहे एवढेच नव्हे, तर ती कशाची असावी हेही या वागण्यावरून कळते. फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी, महाधमनीचा आतला थर फाटणे, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडणे, या जीवघेण्या अवस्था साध्या सीटीत सहज निसटू शकतात.

उलट मूतखडा, डोक्यातला ताजा रक्तस्राव, हाड मोडणे किंवा फुप्फुसांचा एचआरसीटी यासाठी कॉन्ट्रास्टची गरज नसते. म्हणून ‘डायशिवाय होणार नाही का’ हे जरूर विचारावे, पण सोबत ‘तुम्ही नेमके काय शोधत आहात’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर असते. केवळ भीतीपोटी साधा स्कॅन करून घेतला, रिपोर्टमध्ये ‘कॉन्ट्रास्टसह पुन्हा तपासावे’ अशी शिफारस आली आणि पैसे व किरणोत्सर्ग दोन्ही दुप्पट झाले, असे वारंवार घडते.

टेबलावर झोपल्यावर काय जाणवते

हे आधी कुणी सांगत नाही आणि मग रुग्ण घाबरतो. प्रौढ व्यक्तीला सीटीसाठी साधारण ६० ते १०० मिली औषध यंत्राच्या साहाय्याने वेगाने, कधी सेकंदाला चार-पाच मिली या गतीने, हातातल्या सुईवाटे दिले जाते. काही सेकंदांतच घशापासून ओटीपोटापर्यंत उष्णतेची लाट गेल्यासारखे वाटते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाली की काय अशी शंका येते. झालेली नसते. ही ॲलर्जी नव्हे. एखाद्या मिनिटात सगळे ओसरते. या काळात हलू नये, एवढेच.

जुन्या काळी हा अनुभव बराच त्रासदायक होता. तेव्हाचे ‘आयोनिक’ कॉन्ट्रास्ट रक्तापेक्षा पाच ते आठ पट तीव्र द्रावण असायचे. धमनीत सोडल्यावर रुग्ण वेदनेने कळवळत. १९६० च्या दशकात स्वीडनमधील टॉर्स्टन आल्मेन या रेडिओलॉजिस्टने विचार मांडला की दोष आयोडीनचा नसून द्रावणाच्या तीव्रतेचा आहे. खारट समुद्रात डोळे उघडले की झोंबतात, कमी खारट बाल्टिक समुद्रात झोंबत नाहीत, हा त्याच्या नित्याच्या पाहण्यातला फरक त्याला इथे उपयोगी पडला. त्यातून ‘नॉन-आयोनिक’ कॉन्ट्रास्ट आले. आज वापरली जाणारी आयोहेक्झॉल, आयोपामिडॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल ही औषधे त्याच वाटेवरची.

फरक किती पडला हे जपानमधील मोठ्या अभ्यासातून दिसले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद होती. जुन्या औषधांनी सुमारे १२.७ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला, नव्यांनी ३.१ टक्के रुग्णांना. गंभीर त्रासाचे प्रमाण ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर आले, म्हणजे दहा हजारांत चार. तुमच्या काकांना चाळीस वर्षांपूर्वी ‘आयव्हीपी’ करताना काय झाले होते, ही गोष्ट घरात अजून सांगितली जात असेल, तर ते औषध वेगळे होते हे लक्षात घ्या.

कोळंबीची ॲलर्जी आणि आयोडीन

आपल्या कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. “मला कोळंबी चालत नाही, अंगावर पित्त उठतं, मग आयोडीन कसं चालेल?” चालते. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांची ॲलर्जी त्यांच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते. आयोडीनचा तिथे संबंध नाही. तीच गोष्ट जखमेवर लावायच्या आयोडीनयुक्त औषधाने येणाऱ्या पुरळाची. मुळात आयोडीन हा आपल्या थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचाच भाग आहे आणि घरोघरच्या मिठात तो मिसळलेला असतो. त्याचीच ॲलर्जी असती तर आमटीही पचली नसती. कॉन्ट्रास्टवर येते ती प्रतिक्रिया त्या संपूर्ण रेणूवरची असते.

मग धोका खरोखर कुणाला जास्त? सर्वांत मोठी खूण एकच: याआधी त्याच प्रकारच्या कॉन्ट्रास्टने प्रतिक्रिया आलेली असणे. दमा किंवा अनेक गोष्टींची तीव्र ॲलर्जी असेल तर धोका थोडा वाढतो, पण तेवढ्यावरून तपासणी रद्द करायची नसते. एमआरआयच्या गॅडोलिनियमने पुरळ आले होते म्हणून सीटीचा आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट टाळायचा, असेही नसते. दोन्ही औषधांची कुळे वेगळी आहेत.

आधी प्रतिक्रिया आलेली असेल तर दोन गोष्टी सांगा: नेमके काय झाले होते आणि कोणते औषध दिले होते. अंग गरम होऊन उलटी झाली होती, की अंगभर गांधी उठल्या, की श्वास अडकला, रक्तदाब पडला, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले? उलटी हा औषधाचा साधा परिणाम आहे, गांधी उठणे ही ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया आहे आणि श्वास अडकणे ही गंभीर बाब आहे. नुसते “डाय सोसला नाही” एवढेच कळले तर डॉक्टरांना सर्वांत वाईट शक्यता धरून चालावे लागते. औषधाचे नाव कळले तर त्याच कुळातले पण वेगळे औषध निवडता येते आणि त्याने पुन्हा प्रतिक्रिया येण्याची शक्यता बरीच कमी होते. काही रुग्णांना स्टेरॉइडच्या गोळ्याही देतात, पण त्या साधारण बारा-तेरा तास आधीपासून सुरू कराव्या लागतात. स्कॅनच्या टेबलावर आठवण झाली तर त्या गोळ्यांचा उपयोग नसतो. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत हे वेगळे सांगायला नको. आणि पूर्वीची प्रतिक्रिया जिवावर बेतलेली असेल, तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआयसारखा दुसरा मार्ग शोधायचा असतो.

इथे ‘टेस्ट डोस’बद्दल स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडे अजून काही ठिकाणी त्वचेत किंवा शिरेत थोडेसे औषध सोडून दहा मिनिटे वाट पाहतात आणि काही झाले नाही तर ‘पास’ ठरवतात. अमेरिकेतील व युरोपातील रेडिओलॉजी संघटनांच्या मार्गदर्शक सूचना अशी चाचणी करू नये असे सांगतात. टेस्ट डोसला काही न झालेल्या रुग्णाला पूर्ण डोसला गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि त्या थेंबभर औषधानेही ती येऊ शकते. चाचणीमुळे मिळते ती खोटी निश्चिंती. एकदा गंभीर प्रतिक्रिया आलेल्या रुग्णाची ॲलर्जीतज्ज्ञ नंतर पद्धतशीर त्वचा-चाचणी करतात, ती निराळी गोष्ट.

गंभीर प्रतिक्रिया जवळजवळ नेहमी पहिल्या काही मिनिटांत, बहुधा २० ते ३० मिनिटांच्या आत येते. म्हणून स्कॅननंतर अर्धा तास थांबायला सांगतात आणि सुई लगेच काढत नाहीत. घसा दाटणे, आवाज बसणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अंगावर भराभर गांधी उठणे यातले काहीही जाणवले तर संकोच न करता हाक मारा. यावर नेमके औषध आहे: मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ते वेळेवर दिले की बहुतेक रुग्ण सावरतात. सेंटर निवडताना यंत्र किती ‘स्लाइस’चे यापेक्षा तिथे त्या वेळी डॉक्टर हजर आहेत का आणि आपत्कालीन औषधे, ऑक्सिजन तयार आहे का, हे विचारणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. अशा रुग्णांत ॲड्रेनॅलिनचा गुण कमी येऊ शकतो. गोळ्या मात्र बंद करू नका.

किडनीचे काय?

‘डायने किडनी जाते’ ही सर्वांत खोलवर रुजलेली भीती. तिला आधार होता. कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतो, आणि स्कॅननंतर क्रिएटिनिन वाढल्याच्या नोंदी अनेक दशके होत होत्या. पण त्या जुन्या अभ्यासांत एक त्रुटी होती. कॉन्ट्रास्ट न मिळालेल्या, तितक्याच आजारी रुग्णांशी तुलना केलेलीच नव्हती. जंतुसंसर्ग, कमी रक्तदाब, निर्जलीकरण, तीव्र प्रतिजैविके यांमुळे रुग्णालयातल्या रुग्णाचे क्रिएटिनिन तसेही वर-खाली होते. तुलना करून पाहिल्यावर फरक खूपच आटला. २०२० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी एकत्रित निवेदन काढले. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टने किडनीला होणारा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला, असा त्याचा सूर आहे. लक्ष द्यायचे ते प्रामुख्याने दोन गटांकडे: ज्यांचा ईजीएफआर ३० च्या खाली आहे ते, आणि ज्यांच्या किडनीला सध्या अचानक इजा झालेली आहे ते.

ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढतात, आणि नुसत्या क्रिएटिनिनपेक्षा तोच पाहायला हवा. उदाहरण घ्या. पंचविशीतल्या तरुणाचे क्रिएटिनिन १.३ असेल तर त्याचा ईजीएफआर सुमारे ७८ निघतो. पंचाहत्तर वर्षांच्या आजींचेही १.३ असेल तर त्यांचा ईजीएफआर सुमारे ४३. आकडा एकच, किडन्या वेगळ्या. त्यातही आजींना चार दिवस जुलाब होत असतील आणि गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर खरा धोका त्या कोरड्या पडलेल्या शरीराचा आणि त्या गोळ्यांचा आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत असाल तर स्कॅनआधी न विसरता सांगा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या रुग्णाला ‘औषध’ वाटतच नाहीत, म्हणून हा मुद्दा मुद्दाम लिहिला.

धोका असलेल्या रुग्णांना शिरेतून सलाइन देतात. यावर सर्वांत भरवशाचा उपाय तोच. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲसिटिलसिस्टीनच्या पुड्यांचा उपयोग होत नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिझर्व्ह’ या सुमारे पाच हजार रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले. नियमित डायलिसिसवर असलेल्यांनाही कॉन्ट्रास्ट देता येतो आणि केवळ त्यासाठी तातडीने जादा डायलिसिस करावे लागत नाही. हृदयाची अँजिओग्राफी मात्र थोडी वेगळी धरावी. तिथे औषध धमनीतून जाते, किडनीपर्यंत अधिक तीव्र स्वरूपात पोहोचू शकते, आणि रुग्णही अनेकदा अधिक आजारी असतो.

मेटफॉर्मिन, इन्सुलिन आणि उपाशी राहणे

मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. अडचण उलट्या बाजूने आहे. किडनी अचानक मंदावली तर मेटफॉर्मिन शरीरात साठते आणि रक्तातले लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते. ईजीएफआर ३० किंवा जास्त असेल आणि किडनीला ताजी इजा नसेल, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट घेताना मेटफॉर्मिन थांबवायची गरज नाही. ३० च्या खाली असेल तर स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, क्रिएटिनिन पुन्हा तपासून, सुरू करायचे की नाही ते ठरवतात. काही डॉक्टर अधिक सावधगिरी बाळगतात. त्यांचे ऐकावे. लक्षात ठेवायचे ते असे की मधुमेहाच्या अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिन दुसऱ्या औषधासोबत मिसळलेले असते, त्यामुळे पाकीटच सोबत न्या. आणि ‘डायसाठी गोळ्या बंद’ हे ऐकून सगळीच औषधे आठवडाभर बंद करू नका.

याहून जास्त काळजी मला उपाशी राहण्याची वाटते. शिरेतून कॉन्ट्रास्ट देण्यासाठी उपाशी असणे आवश्यक नाही, असे सध्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पोटाच्या काही तपासण्यांसाठी किंवा भूल द्यायची असेल तर ते लागते. तरीही चार-सहा तास उपाशी राहायला सांगण्याची पद्धत रूढ आहे, आणि घरी तिचा अर्थ ‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही’ असा होतो. मे महिन्यात, दुपारी तीनच्या अपॉइंटमेंटसाठी, सत्तरीच्या माणसाने असे केले तर किडनीला सर्वांत नको असलेली गोष्ट आपणच करून ठेवतो. पाणी चालेल का हे फोन करून विचारा. बहुधा चालते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी बसू नका. मधुमेह असल्याचे सांगून सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

एमआरआयचे गॅडोलिनियम

याचे प्रमाण खूप कमी असते, ६० किलोच्या माणसाला नेहमीच्या औषधाचे साधारण १२ मिली, आणि ॲलर्जीसारख्या प्रतिक्रियाही आयोडीनपेक्षा विरळ. पण सुटे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते एका रेणूत बांधून देतात. काही औषधांत हा रेणू उघड्या साखळीसारखा असतो, काहींत बंद पिंजऱ्यासारखा. २००६ मध्ये लक्षात आले की किडनी जवळपास निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा आणि सांधे कडक होण्याचा एक गंभीर आजार साखळीच्या प्रकाराशी जोडलेला आहे. पुढे २०१४ मध्ये जपानमधून मेंदूत गॅडोलिनियमचे अंश राहत असल्याचे निरीक्षण आले. त्यातून मेंदूला इजा होते असे सिद्ध झालेले नाही, पण युरोपने २०१७ मध्ये साखळीच्या प्रकारातली बहुतेक औषधे थांबवली. आज गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल अशी पिंजऱ्याच्या प्रकारातली औषधे वापरली तर किडनीच्या रुग्णांतही तो आजार होण्याची शक्यता अत्यल्प असते. किडनीचा आजार असेल तर औषध कोणत्या प्रकारातले आहे एवढे विचारून घ्या.

गरोदरपणात गॅडोलिनियम अगदीच अपरिहार्य असल्याशिवाय देत नाहीत. गर्भ असण्याची शक्यता असेल तर कोणत्याही स्कॅनआधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या मातांना मात्र चोवीस तास दूध काढून फेकायला सांगितले जाते, ते बहुतेक वेळा अनावश्यक असते. आयोडीनयुक्त औषधाचा एक टक्क्याहूनही खूप कमी भाग दुधात उतरतो आणि त्यातलाही जेमतेम अंश बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. गॅडोलिनियमबाबतही तेच. पाजणे चालू ठेवता येते.

थायरॉइडच्या रुग्णांसाठी एक सूचना. ग्रंथी अतिसक्रिय असेल तर आयोडीनच्या एवढ्या मोठ्या डोसने ती भडकू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार ठरले असतील, तर आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट घेतल्यानंतर काही आठवडे ते उपचार नीट लागू पडत नाहीत. दोन डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नसतात, त्या तुम्हीच दाखवायच्या.

घरी गेल्यावर

किडनी चांगली असेल तर औषध चोवीस तासांत जवळजवळ सगळे लघवीवाटे निघून जाते. पाणी नेहमीपेक्षा थोडे जास्त प्या. हृदयविकार किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती मोडू नका. सुईच्या जागी औषध शिरेबाहेर झिरपले असेल तर हात सुजतो. हात उंच ठेवा, गार फडक्याने शेका. सूज वाढत गेली, बोटे सुन्न झाली किंवा त्वचेवर फोड आले तर त्याच दिवशी परत या. पुरळ उशिराही, अगदी आठवड्याभरात येऊ शकते. ते बहुधा सौम्य असते, पण ताप, तोंडात फोड किंवा त्वचा सोलवटणे सोबत असेल तर लगेच दाखवा.

आणि निघण्यापूर्वी काउंटरवर एक गोष्ट मागून घ्या: दिलेल्या कॉन्ट्रास्टचे नाव, डोस आणि तारीख, फाइलवर लिहून. काही त्रास झाला असेल तर तोही नेमक्या शब्दांत लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.